‘स्टार ट्रेक’च्या विश्वात स्वतःचं पात्र: आधी साल, मग स्वभाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अवकाश-मालिकांच्या विश्वात स्वतःचं एक पात्र घालून मराठीत कथामालिका लिहायची आहे आणि पात्र ठरलेलं आहे. तारा नावाची मुलगी, आई व्हल्कन (तर्काने चालणारा परग्रही वंश), वडील बेटाझॉइड (मन वाचणारा वंश), वय २२, हुद्दा कमांडर, नेमणूक मालिकेतल्या मुख्य जहाजावर, एंटरप्राइझ-डीवर. आई-वडील बोर्ग या अर्धयंत्र शत्रूशी झालेल्या वुल्फ ३५९ च्या लढाईत गेलेले, जहाजावरच्या डेटा या यंत्रमानव अधिकाऱ्याशी घट्ट मैत्री. ज्यांना वाचायला दिलं ते म्हणतात, ‘ही मेरी सू आहे.’ म्हणजे नेमकं काय, आणि दुरुस्त कसं करायचं?

आधी या शिवीचा अर्थ पाहू, कारण ती याच विश्वात जन्मली. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी ‘स्टार ट्रेक’च्या एका फॅनझीनमध्ये (चाहत्यांच्या हौशी मासिकात) छोटंसं विडंबन लिहिलं. त्यातली लेफ्टनंट मेरी सू साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सर्वांत लहान लेफ्टनंट. सगळे तिच्यावर भाळतात, जहाज तीच चालवते, शेवटी ती मरते आणि सगळे ढसाढसा रडतात. टिंगल तिच्या हुशारीची नव्हती. ती खोलीत आली की बाकीच्यांची अक्कल गहाण पडते, याची होती. कर्तबगार पात्र करायला काहीच हरकत नाही. हे विश्व कर्तबगार माणसांनीच भरलेलं आहे. पण इतरांना बावळट केल्याशिवाय जर तुमचं पात्र उठून दिसत नसेल, तर तिथे खोट आहे.

तारामध्ये मात्र त्याहून साधी अडचण आहे: तिचा हिशेब जुळत नाही. स्टारफ्लीट म्हणजे फेडरेशन या ग्रहसंघाचा अवकाश ताफा; त्याची अकादमी चार वर्षांची. अठराव्या वर्षी प्रवेश धरला तर बाविसाव्या वर्षी माणूस एन्साइन होऊन बाहेर पडतो. त्यापुढे लेफ्टनंट ज्युनियर ग्रेड, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर आणि मग कमांडर. पिकार्डचा उपप्रमुख रायकर २३५७ मध्ये अकादमीतून निघाला आणि २३६४ मध्ये एंटरप्राइझ-डीवर कमांडर म्हणून आला. सात वर्षं लागली, आणि तो झपाट्याने चढलेला माणूस समजला जातो. तारा हे सगळं शून्य वर्षांत करते. वाचकाला आकडे पाठ नसतील, पण कुठेतरी काहीतरी फुकट मिळालंय हे त्याला बरोबर कळतं.

म्हणून माझा क्रम असा: स्वभाव, डोळ्यांचा रंग, दुःखद भूतकाळ हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी साल ठरवा. मग जागा. मग हुद्दा. मग त्या सालाने, त्या जागेने आणि त्या हुद्द्याने माणसाचं काय केलं ते पाहा. स्वभाव त्यातूनच निघतो.

साल

एंटरप्राइझ-डीच्या ‘नेक्स्ट जनरेशन’ मालिकेच्या काळात हिशेब सोपा आहे. स्टारडेटला (मालिकेतल्या तारखेच्या आकड्याला) हजाराने भागा आणि त्यात २३२३ मिळवा. ४१,००० ते ४१,९९९ म्हणजे २३६४. ४७ हजारांतल्या तारखा २३७० च्या. ५२ हजारांतल्या २३७५ च्या. मूळ मालिकेतल्या कॅप्टन कर्कच्या काळाला हे सूत्र लावू नका, तिथल्या स्टारडेट कशाही उड्या मारतात.

आता तुमच्या पात्राचं जन्मसाल लिहा आणि शेजारी या घटना मांडा. २३४६, क्लिंगॉन या लढवय्या वंशाच्या खिटोमर वसाहतीवरचं हत्याकांड. २३६७ च्या सुरुवातीला वुल्फ ३५९: चाळीस जहाजं लढायला गेली, एकोणचाळीस नष्ट झाली, सुमारे अकरा हजार माणसं मेली. २३६९, कार्डॅसियन आपण बळकावलेला बजोर ग्रह सोडून गेले. २३७०, फेडरेशन आणि कार्डॅसियन यांच्यामधला निर्लष्करी पट्टा आणि तिथले माकी बंडखोर. २३७३ च्या अखेरीस डोमिनियन या परक्या साम्राज्याशी युद्ध सुरू, २३७५ च्या अखेरीस संपलं. प्रत्येक घटनेसमोर पात्राचं वय लिहा. वुल्फ ३५९ घडताना अकादमीच्या दुसऱ्या वर्षात असलेला माणूस आणि तेव्हा शाळेत असलेला माणूस हे दोन वेगळे अधिकारी होतात. पहिल्याच्या वरच्या वर्गातली मुलं त्या जहाजांवर गेली असणार. दुसऱ्यासाठी तो अभ्यासक्रमातला धडा.

एक इशारा: वुल्फ ३५९ मध्ये घरचं माणूस गमावणं ही जखम ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेतल्या सिस्कोची आहे, आणि त्याच्या नावावर ती इतकी पक्की आहे की दुसऱ्या कुणी घेतली तर उसनी वाटते. त्या लढाईला हात लावायचाच असेल तर कडेने लावा. लढाईनंतर भंगार तपासायला गेलेल्या जहाजावर मृतांची यादी करणारा कुणीतरी होताच ना? त्याची गोष्ट कुणी सांगितलेली नाही.

जागा आणि अंतर

एंटरप्राइझ-डीचा मोह टाळा. जहाज ६४२ मीटर लांब, बेचाळीस डेक, हजाराच्या वर माणसं. तिथे नवं पात्र मावतं, पण ब्रिजवर मावत नाही. तिथल्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या आहेत, आणि ओळखीची माणसं समोर दिसत असताना वाचक तुमच्या पात्राकडे बघत नाही. लहान जहाज घ्या. नोव्हा वर्गाचं जहाज ग्रहांच्या संशोधनासाठी असतं, शस्त्रं जेमतेम, जास्तीत जास्त वेग वॉर्प ८ (वॉर्प म्हणजे प्रकाशाहून जास्त वेगाची मोजपट्टी), माणसं ऐंशीच्या आसपास. ऐंशी माणसांत प्रत्येकाला दोन-दोन कामं करावी लागतात आणि कुणापासून काही लपत नाही. कथेला याहून काय हवं?

जहाजाला आपल्याकडचं नाव द्यायचं असेल तर आधी ते कुणी वापरलंय का तपासा. ‘रामन’ घेऊ नका. ते जहाज २३७० मध्येच एका ग्रहाच्या वातावरणात अडकून माणसांसकट गेलेलं आहे. ‘सोहोनी’ चालेल: कमला सोहोनी, जीवरसायनशास्त्रज्ञ, केंब्रिजची १९३९ ची डॉक्टरेट. संशोधन जहाजाला हे नाव शोभतं आणि ते का दिलं हे कथेत सांगावंही लागत नाही. नोंदणी क्रमांक ७२ हजारांच्या घरातला ठेवा, कारण पडद्यावरचं नोव्हा वर्गाचं जहाज त्याच घरातलं आहे. डीप स्पेस नाइन या अवकाशतळावर लिहिणार असाल तर तिथल्या रनअबाउटना (छोट्या यानांना) पृथ्वीवरच्या नद्यांची नावं असतात. ‘गँजीस’ एक होतीच, आणि तीही २३७० मध्ये गेली. ‘भीमा’ नावाची रनअबाउट तिथे कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही.

अंतराची गल्लत फार होते. वॉर्प ६ म्हणजे प्रकाशाच्या सुमारे ३९२ पट, म्हणजे दहा प्रकाशवर्षांना नऊ दिवसांहून थोडा जास्त वेळ. घरापासून लांब फेकल्या गेलेल्या व्हॉयेजर जहाजाचा हिशेब तर चाहत्यांना माहीत आहे: ७०,००० प्रकाशवर्षं, ७५ वर्षं, म्हणजे सतत पूर्ण वेगाने गेलं तरी एका प्रकाशवर्षाला जवळजवळ साडेनऊ तास. तेव्हा ‘ती सुट्टीत दोन दिवस घरी जाऊन आली’ हे वाक्य लिहिण्याआधी घर किती लांब आहे ते ठरवा. बहुतेक वेळा असं निघतं की ती घरी जाऊच शकत नाही, आणि कथेला तेच बरं.

हुद्दा

एन्साइन किंवा लेफ्टनंट ज्युनियर ग्रेड. याच्या वर पहिल्या कथेत जाऊ नका. हा काही नियम नाही, पण खालच्या हुद्द्याच्या माणसाला हुकूम पाळावे लागतात, अर्धवट माहितीवर काम करावं लागतं आणि चूक झाली तर वरच्याला तोंड दाखवावं लागतं. कॅप्टनला यातलं शेवटचंच लागू पडतं, तेही क्वचित. अधिकारीच कशाला, ओब्रायनसारखा अकादमीत न गेलेला शिपाईगडीही चालेल. तशी पात्रं फार थोडे जण करतात.

ओळखीच्या जागा कुणाच्या आहेत तेही पाहा. स्टारफ्लीटमधला पहिला क्लिंगॉन वर्फ, पहिला फेरेंगी (व्यापारी वंशाचा) नॉग. २३७२ च्या आधी तुमचा फेरेंगी अकादमीत दिसला तर ते नॉगच्या तोंडचं काढून घेणं झालं. फेडरेशनचा नागरिक नसलेल्याला प्रवेशासाठी वरिष्ठ अधिकाऱ्याचं शिफारसपत्र लागतं. नॉगला ते सिस्कोने दिलं. तुमच्या परक्या उमेदवाराला पत्र कुणी दिलं आणि का, या एका प्रश्नातून अर्धी कथा निघते. जनुकीय फेरफार करून हुशार केलेलं पात्र हवं असेल तर फेडरेशनमध्ये ते बेकायदा आहे आणि असा माणूस स्टारफ्लीटमध्ये येऊ शकत नाही. डीप स्पेस नाइनवरच्या डॉक्टर बशीरचं हेच गुपित फुटलं तेव्हा त्याचे वडील दोन वर्षं तुरुंगात गेले, म्हणून त्याची नोकरी वाचली. ही किंमत न चुकवता ती हुशारी वापरली की वाचक लगेच पकडतो.

मराठी माणसाचं पात्र करणाऱ्यांना आणखी एक खड्डा असतो. ‘वडिलांनी कर्ज काढून तिला अकादमीत पाठवलं’ हे वाक्य आपल्या हातून सहज उतरतं, पण चोविसाव्या शतकातल्या पृथ्वीवर पैशासाठी कुणी काम करत नाही. कर्ज नाही, फी नाही, हुंडा नाही. स्पर्धा परीक्षेचा ताण मात्र जसाच्या तसा चालतो: एंटरप्राइझ-डीचा कॅप्टन पिकार्ड पहिल्या खेपेला नापास झाला होता, त्याच जहाजावरचा तरुण वेस्ली क्रशरही. चार उमेदवारांतून एक जागा, आणि बाकीचे तिघंही हुशार, हे आपल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू

वंश निवडताना बहुतेक जण क्षमतांची यादी बघतात: हा मन वाचतो, तो बलवान आहे. त्याऐवजी त्या समाजात कुठे दुखतं ते बघा.

ट्रिल घ्या. काही ट्रिल माणसांच्या पोटात सिम्बायंट नावाचा जीव राहतो. माणूस मेला की तो दुसऱ्यात जातो आणि आधीच्या सगळ्या आयुष्यांच्या आठवणी सोबत नेतो. दरवर्षी साधारण तीनशे सिम्बायंट उपलब्ध होतात आणि उमेदवार हजारोंनी येतात. निवड सिम्बायोसिस कमिशन करतं. जोडणी होऊन ९३ तास उलटले की दोघं एकमेकांवाचून जगू शकत नाहीत. कमिशन सांगतं की हजारात एखादाच ट्रिल जोडणीला लायक असतो. २३७१ मध्ये सिस्को आणि बशीरला खरं कळतं: जवळजवळ निम्मी लोकसंख्या लायक आहे. हे बाहेर फुटलं तर सिम्बायंटचा बाजार भरेल, म्हणून दोघंही गप्प बसतात.

आता यात एक माणूस ठेवा. हालीन ओरेस, जन्म २३४३. (आधी आडनाव ‘तेराव’ सुचलं असतं तर? मराठी वाचकाला तेरावं ऐकू आलं असतं. परकी नावं नेहमी मोठ्याने वाचून बघा.) २३६५ मध्ये, बाविसाव्या वर्षी ती उमेदवार झाली. २३६७ मध्ये तिला काढलं. शेरा: ‘व्यक्तिमत्त्व अनुरूप नाही’. त्याच वर्षी ती अकादमीत गेली, चार वर्षांनी, अठ्ठाविसाव्या वर्षी एन्साइन झाली. वर्गमित्रांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. २३७५ मध्ये ती बत्तीस वर्षांची, लेफ्टनंट ज्युनियर ग्रेड, ‘सोहोनी’वर जीवरसायन प्रयोगशाळेत. कॉलरवर एक भरीव सोनेरी ठिपका आणि एक पोकळ. करड्या खांद्यांचा काळा गणवेश, आतला शर्ट निळा. त्या वर्षी हाच गणवेश आहे, आधीचा रंगीत खांद्यांचा नाही.

हे पात्र दुसऱ्या कुठल्याच विश्वात उभं राहणार नाही, आणि यासाठी माझ्याकडे एकच कसोटी आहे. पात्र उचलून दुसऱ्या अवकाशकथेत ठेवा. नावं बदलून चालून गेलं तर ते अजून या विश्वाचं झालेलं नाही. हालीनचं सगळं दुःख एका खोट्या आकड्यावर उभं आहे. ते तिला ठाऊक नाही, पण वाचकाला ठाऊक आहे. यासाठी पडद्यावरची एकही गोष्ट हलवावी लागली नाही.

पुढचा मोह लगेच येतो: तिला सत्य कळू द्यावं, तिने ते जगजाहीर करावं. तिथे थांबा. तसं झालं असतं तर ट्रिल समाज पेटला असता आणि डीप स्पेस नाइनच्या पुढच्या भागांत ते दिसलं असतं. दिसत नाही, म्हणजे ते झालं नाही. नाकारलेल्या ट्रिलने सिम्बायंट चोरणं? तेही झालंय, २३७० मध्ये व्हेराडने डीप स्पेस नाइनवरच्या जॅडझिया या ट्रिल अधिकाऱ्याच्या पोटातला सिम्बायंट, डॅक्सच, चोरला होता. ती एकदम एझ्रीच्या, म्हणजे जॅडझियानंतर डॅक्स जिच्यात आला तिच्या, जहाजावर? तेही नाही, कारण ‘डेस्टिनी’वर एझ्री एकटीच ट्रिल होती, म्हणूनच डॅक्स तिच्या पोटात गेला. हालीन तिथे असती तर एझ्री डॅक्स हे पात्रच उरलं नसतं. असे तीन-चार दरवाजे बंद झाले की खरी कथा सापडते, म्हणून हे बंद दरवाजे नीट मोजा.

उघडा दरवाजा एझ्रीच्या बातमीचा आहे. जिने कधी उमेदवारी केली नाही, जिला सिम्बायंट नकोच होता, तिला २३७५ मध्ये जोडलेली म्हणून सगळे ओळखू लागतात. हालीनने दोन वर्षं तयारी केली होती. ही बातमी तिच्यापर्यंत पोचते, आणि त्याच आठवड्यात जहाजावरचा एक तरुण ट्रिल एन्साइन, तेशन, तिच्याकडे कमिशनचा अर्ज घेऊन येतो. ‘जरा बघून द्याल का?’

बास. एक कथा झाली. ना युद्ध, ना बोर्ग.

कौशल्यांचं अंदाजपत्रकही इथेच ठरवा. एका गोष्टीत ती जहाजावर सर्वांत चांगली: प्रथिनांचे नमुने. दोन गोष्टी बेताच्या येतात. एक गोष्ट वाईट येते आणि ती कथेत आड आली पाहिजे. हालीनला लोकांना शाबासकी देता येत नाही. ‘तिला स्वयंपाक येत नाही’ हा दोष नव्हे; जेवण तयार करून देणारा रेप्लिकेटर आहे की. ‘ती फार स्पष्टवक्ती आहे’ हाही दोष नव्हे, ती लपवलेली स्तुती आहे.

पात्राचा पहिला प्रवेश तीनशे शब्दांत उरका आणि त्यात तीनच गोष्टी सांगा. वरची सगळी माहिती तुमच्या वहीत राहील. तो प्रसंग असा काहीसा:

‘अर्ज पाहिलात?’ तेशनने विचारलं.

‘तिसऱ्या परिच्छेदात “माझी पात्रता” असं लिहिलंयस. ते काढ.’

‘का?’

‘पात्र कोण ते ते ठरवतात.’

तेशनने मान डोलावली. निघाला नाही. सेंट्रिफ्यूजचा आवाज उतरत चालला होता.

‘तुम्हाला त्यांनी काय कारण दिलं होतं?’

हालीनने झाकण उघडलं, एकेक नळी काढून रॅकमध्ये लावली. अकरावी उजेडात धरली, जरा जास्तच वेळ.

‘ही पुन्हा लाव,’ ती म्हणाली. ‘दोन अंशांनी तापली आहे.’

इथे वाचकाला तीन गोष्टी कळल्या: ती वरिष्ठ आहे, तिला नाकारलं गेलं होतं, आणि ती त्याबद्दल बोलत नाही. तिचे ठिपके, वय, जहाजाचा वर्ग काहीही आलं नाही. नळी खरंच तापली होती की नाही, हे मुद्दाम सांगितलेलं नाही. नवशिक्या मसुद्यात या जागी आठ ओळींचं स्वगत असतं: ‘हालीनला तो दिवस आठवला...’ ते स्वगत लिहा, पण वहीत.

मराठीत लिहिताना

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना जे दोन निर्णय घ्यावेच लागत नाहीत, ते तुम्हाला पहिल्या संवादातच घ्यावे लागतील.

एक, तू की तुम्ही. स्टारफ्लीटमध्ये बाई कॅप्टनलाही ‘सर’ म्हणण्याची पद्धत आहे, ते तसंच ठेवा. पण क्रियापदाचं काय? कॅप्टन खालच्यांना ‘तुम्ही’ म्हणते की ‘तू’, यावरून तिचं जहाज कसं चालतं ते कळतं. व्हल्कन सर्वांना ‘तुम्ही’ म्हणेल, लहान मुलालासुद्धा. क्लिंगॉन शत्रूला आणि मित्राला सारखंच ‘तू’ म्हणेल. हे कथेच्या आधी कागदावर ठरवा आणि मोडायचं असेल तर एकदाच मोडा. अठरा प्रकरणं ‘तुम्ही’ म्हणणारा व्हल्कन एकोणिसाव्यात ‘तू’ म्हणाला, तर वेगळं वर्णन करायला नको.

दोन, क्रियापदाचं लिंग. जोडलेला ट्रिल आधीच्या यजमानांच्या आठवणी ‘मी’ म्हणून सांगतो. जॅडझिया बाई आहे, तिच्या आधीचा कर्झन पुरुष होता. मराठीत ती काय म्हणेल? माझ्या मते असं: ‘कर्झन असताना मी तिथे गेलो होतो, आता पहिल्यांदाच आले.’ एका वाक्यात गेलो आणि आले. आठवणीचं लिंग त्या यजमानाचं, आताच्या कृतीचं लिंग आताच्या देहाचं. इंग्रजीला हे जमतच नाही. आता हालीनकडे परत या: उमेदवारीच्या दोन वर्षांत तिने आरशासमोर ‘मी गेलो होतो’ म्हणायचा सराव केला असेल का? असेल तर आठ वर्षांनी, थकल्या रात्री, तिच्या तोंडून एकदाच ‘आलो’ निघून जाईल. आणि तेशन ते ऐकेल.

तांत्रिक शब्दांचं भाषांतर करू नका. वॉर्प, ट्रान्सपोर्टर, फेझर, शील्ड असेच ठेवा. ‘वक्रगती’ आणि ‘द्रव्यप्रेषक’ वाचताना माणूस हसतो. पण तंत्र कसं वागतं ते मात्र चोख हवं. माणसं क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टरचा पल्ला सुमारे ४०,००० किलोमीटर, आणि शील्ड चढलेल्या असताना तो चालत नाही. कथेतले निम्मे पेच या दोन अटींतून सुटतात किंवा बसतात. तिसऱ्या पानावर नवा कण शोधून काढून प्रश्न सोडवलात तर वाचक तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

मराठी लेखकाने जिथे खरंच हात घालावा अशी एक जागा अजून मोकळी आहे. बजोरवर ड’जारा नावाची जन्मावर ठरणारी व्यवस्था होती: कुणी कलावंत, कुणी शेतकरी, आणि इमुट्टा म्हणजे मृतांना अंत्यविधीसाठी तयार करणारे, अपवित्र मानलेले. कार्डॅसियनांशी लढताना बजोरन लोकांनी ती मोडली, कारण सगळ्यांनाच सैनिक व्हावं लागलं. २३७२ मध्ये ती काही दिवस परत आणली गेली, आणि तेवढ्यात एका इमुट्टा माणसाचा खून झाला. मालिकेने हे एका भागात आटोपलं. पण परदेशी लेखक ज्यावरून वरवर सरकतात त्यातलं बरंच आपल्याला आतून माहीत आहे. प्रतिकारात खांद्याला खांदा लावून लढलेल्या साथीदाराने त्या काही दिवसांत अचानक पाण्याचा पेला वेगळा ठेवला, इतकंच घ्या. आणि बजोरन नावात आडनाव आधी येतं, हे विसरू नका: किरा नेरिसला मेजर किरा म्हणतात.

पडद्यावरच्या विसंगतीचं काय

विसंगती भरपूर आहेत. ट्रिलचंच बघा: २३६७ मध्ये एंटरप्राइझवर आलेल्या ट्रिल राजदूताच्या कपाळावर उंचवटा होता, ठिपके नव्हते, आणि तो ट्रान्सपोर्टर टाळत होता. पुढे जॅडझियाला ठिपके आहेत आणि ती बिनदिक्कत ट्रान्सपोर्टरने जाते. माझा सल्ला: जे नंतर आलं आणि जास्त वेळा दिसलं ते धरा, आणि कथेत त्याचं स्पष्टीकरण देऊ नका. क्लिंगॉनांची कपाळं बदलल्याबद्दल विचारल्यावर वर्फ सांगतो की आम्ही बाहेरच्यांशी याबद्दल बोलत नाही. यापेक्षा चांगलं उत्तर कुणाला सुचलेलं नाही. पडद्यावर दिसलं ते प्रमाण, कादंबऱ्यांतलं ऐच्छिक, हा रिवाज. तपासायला मेमरी अल्फा हा विकी पुरतो, तो पडद्यापुरताच आहे; कादंबऱ्यांसाठी मेमरी बीटा वेगळा. एका पात्रासाठी दोन संध्याकाळी पुष्कळ झाल्या. त्याहून जास्त वाचलंत की कथेत माहिती गळायला लागते.

कथा विकायची नाही, एवढं पाळा. पुढे कुणी त्यावर लघुपट करायचा म्हटलं तर ‘स्टार ट्रेक’चे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंट यांनी जून २०१६ मध्ये फॅन फिल्मसाठी नियम काढलेत: एक गोष्ट पंधरा मिनिटांची, किंवा दोन भाग मिळून तीस, वर्गणी ५०,००० डॉलरपर्यंतच.

आता तुमची तारा. तिला टाकून देऊ नका. व्हल्कन बाजू काढा. दोन प्रकारचं मन वाचणं एका पात्राला लागत नाही, आणि दोन्ही घेतलंत तर दोन्हींची किंमत चुकवावी लागेल. ती पूर्ण बेटाझॉइड असू द्या. वय २२ ठेवा, हुद्दा एन्साइन, साल २३७४. डेटाच्या जागी कुणी फेरेंगी द्या. फेरेंगींचं मन बेटाझॉइडला वाचता येत नाही, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच तिला समोरच्याला विचारावं लागेल की तुला काय वाटतंय. आणि आई-वडील मारू नका. २३७४ मध्ये डोमिनियनने बेटाझेड दहा तासांच्या आत घेतलं; ते परत कसं मिळालं हे पडद्यावर दाखवलेलं नाही. तेव्हा ते दोघं तिथेच आहेत. तारा जहाजावर आहे, सबस्पेस संपर्क बंद आहे, आणि रोज सकाळी ती संपर्क कक्षात जाऊन बेटाझेडकडून काही आलं का ते विचारते. तिथे बसणाऱ्या माणसाच्या मनात ‘नाही’ आहे हे तिला दारातूनच कळतं. तरी ती आत जाते आणि तोंडाने विचारते.